शून्य–एकवीस

१९८८च्या एप्रिलमध्ये बाल्टिमोर ओरिओल्स हा बेसबॉल संघ हंगामाचे पहिले एकवीस सामने ओळीने हरला. हंगामाच्या सुरुवातीच्या सलग पराभवांचा आधीचा विक्रम तेराचा होता. १९०४ साली वॉशिंग्टनचा आणि १९२० साली डेट्रॉइटचा. मी तेव्हा बाल्टिमोरमध्ये शिकत होतो. एकवीसही सामने, थोडे मैदानावर आणि बरेचसे रेडिओवर, मी सोसले. तेव्हा मी नेमका कशावर चिडलो होतो हे उमगायला मात्र मला बरीच वर्षं लागली.

ओरिओल हा त्या भागातला नारिंगी-काळा पक्षी. आपल्या हळद्याशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो. सहा महिने जवळजवळ रोज खेळ. त्यामुळे हरलेला संघ दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो आणि पुन्हा हरू शकतो. क्रिकेटच्या घरात वाढलेल्या माणसाला याहून जड जाते ती एक गोष्ट म्हणजे तिथे सामना अनिर्णित राहत नाही. भारताला पहिला कसोटी विजय मिळायला वीस वर्षं लागली. १९५२ साली मद्रासला, पंचविसाव्या कसोटीत, सांगलीच्या विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली. वडील ती गोष्ट फार रंगवून सांगत. पण त्या वीस वर्षांत अनिर्णित सामन्यांचा आडोसा तरी होता. ओरिओल्सना तोही नव्हता.

४ एप्रिलला घरच्या मैदानावर पहिला सामना झाला. पन्नास हजारांवर प्रेक्षक, आणि मिलवॉकीने आम्हाला १२–० असं धुतलं. पहिल्या दिवशी असं होतं, म्हणून सगळे हसले. सहा सामने हरल्यावर मालकांनी मॅनेजरला काढून टाकलं, तेव्हा हसू थांबलं.

हे मॅनेजर म्हणजे कॅल रिपकेन सीनियर. १९५७पासून ते याच संस्थेत होते. ओरिओल्सची खेळण्याची म्हणून जी एक शिस्त नावाजली जायची, ती पोरांच्या अंगी मुरवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांचे दोन मुलगे, कॅल आणि बिली, त्याच संघात खेळत होते. वडिलांना घरी पाठवल्यावर त्यांना मैदानात उतरावं लागलं. बिलीने पुढे वडिलांचा ७ नंबर आपल्या पाठीवर घेतला. १६२पैकी सहा सामन्यांवर तीस वर्षांच्या नोकरीचा निकाल लावायचा, हे काही माझ्या पचनी पडलं नाही.

दुखणं तर जुनं होतं. १९६८ ते १९८५ अशी सलग अठरा वर्षं या संघाने हरले त्याहून जास्त सामने जिंकले होते. १९८३मध्ये अजिंक्यपदही मिळवलं. मग घरची पोरं तयार करण्याकडे दुर्लक्ष झालं, बाहेरून उतारवयाचे नामवंत खेळाडू विकत आणले गेले, आणि १९८६मध्ये संघ तळाला गेला. विहीर आटली म्हणून रहाट ओढणाऱ्याला हाकललं, असा तो प्रकार.

त्यांच्या जागी फ्रँक रॉबिन्सन आले. १९७५मध्ये क्लीव्हलंडला मोठ्या लीगमधले पहिले कृष्णवर्णीय मॅनेजर झालेला हा मानी माणूस. त्यांच्या हाताखालीही पंधरा सामने हरले. अध्यक्ष रेगन यांनी फोन करून, तुमच्यावर काय गुदरतंय ते मला कळतं, असं म्हटलं; रॉबिन्सन यांनी, नाही, तुम्हाला नाही कळत, असं सरळ सांगितलं. गावात बॉब रिव्हर्स नावाच्या रेडिओ निवेदकाने संघ जिंकेपर्यंत माइक न सोडण्याचा पण केला आणि तो २५८ तास बसून राहिला.

आमच्या घरमालकीणबाई मात्र या गमतीत सामील नव्हत्या. त्या जिन्याच्या पायरीवर रेडिओ घेऊन बसत आणि प्रत्येक पराभवानंतर एकच म्हणत, आता हेही जाणार.

‘हेही’मधला ‘ही’ मला नंतर समजला. मार्च १९८४मध्ये बाल्टिमोरचा फुटबॉल संघ, कोल्ट्स, एका रात्रीत सामानाचे ट्रक भरून इंडियानापोलिसला निघून गेला होता. शहराला सकाळी कळलं. ओरिओल्सचे मालक एडवर्ड बेनेट विल्यम्स हे वॉशिंग्टनचे बडे वकील, आणि वॉशिंग्टनला तेव्हा बेसबॉल संघ नव्हता. अशा गावात एप्रिलमधला पराभव हा नुसता पराभव राहत नाही. मैदान रिकामं पडलं की मालकाला कारण मिळतं.

२९ एप्रिलला शिकागोत आम्ही ९–० जिंकलो. एडी मरेचा होमरन, धाकट्या कॅलचे चार हिट्स. पुढचे दोन सामने पुन्हा हरून संघ २ मेला घरी परतला: एक विजय, तेवीस पराभव. त्या रात्री ५०,४०२ माणसं आली. मीही होतो. सामन्याआधी गव्हर्नर शेफर यांनी मैदानात येऊन जाहीर केलं की नव्या स्टेडियमचा दीर्घ मुदतीचा करार झाला आहे, संघ इथेच राहील. कोल्ट्स गेले तेव्हा हेच गृहस्थ महापौर होते. टाळ्या थांबेनात. घरमालकीणबाई रडत होत्या.

आम्ही टेक्सास रेंजर्सना ९–४ हरवलं. हा संघ १९७१पर्यंत वॉशिंग्टनचा होता आणि तिथल्या लोकांना सोडून गेला होता. आमचे ओरिओल्स तरी कुठले? १९५४मध्ये सेंट लुईस सोडून आलेले. ज्याच्या जाण्याला आम्ही भीत होतो, त्याच्या येण्याने कुठल्या तरी गावाचा एप्रिल कायमचा गेला होता. हे त्या रात्री कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. नवं स्टेडियम १९९२मध्ये उघडलं. ते सरकारने लॉटरीच्या पैशातून बांधलं. म्हणजे तिकीट आम्हीच काढलं होतं, दोनदा.

तो हंगाम ५४ विजय आणि १०७ पराभवांवर संपला. विल्यम्स ऑगस्टमध्ये वारले. थोरले रिपकेन पुढच्या वर्षी तिसऱ्या बेसचे प्रशिक्षक म्हणून परतले, आणि त्या वर्षी आमचा संघ शेवटच्या आठवड्यापर्यंत पहिल्या क्रमांकासाठी झुंजला. पण त्याची आठवण मला तितकी येत नाही.

२०२४मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सनी पंचवीस सामन्यांत तीनच विजय मिळवून सुरुवात केली, आणि पुढे जुलै-ऑगस्टमध्ये ते सलग एकवीस हरले. अमेरिकन लीगमधल्या आमच्या विक्रमाशी बरोबरी. ६ ऑगस्टच्या सामन्याचा धावफलक मी पुण्यात पहाटेपासून फोनवर पाहत होतो. बाविसावा हरले असते तर आमच्या नावावरचा डाग पुसला गेला असता. तरी मला ते जिंकायला हवे होते. ते ५–१ जिंकले, ऑकलंडच्या मैदानावर. ऑकलंडच्या संघाचं त्या गावातलं ते शेवटचं वर्ष होतं.