रिमोटचा इतिहास: उन्हाशी झालेला झगडा

१/ दूरचित्रवाणीचा पहिला प्रसिद्ध रिमोट तारेने जोडलेला होता: झेनिथ कंपनीचा ‘लेझी बोन्स’, १९५०.

२/ १९५५ साली यूजीन पॉली यांनी तार काढून प्रकाशझोत आणला. पण संचावर ऊन पडले, तरी वाहिनी बदले!

३/ १९५६ साली रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाशच टाळला. बटण दाबताच हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आदळे आणि माणसाला ऐकू न येणारा नाद उमटे. बॅटरीही नको.

४/ पुढे अवरक्त किरण आले. तेही उन्हात असतातच. म्हणून रिमोटचा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो. ग्राहक तीच लय ओळखतो. परभणीच्या वैशाखात मात्र ग्राहकावर थेट ऊन पडू देऊ नये.

५/ घरच्या चित्रपट-संगीताच्या संगणकालाही ही भाषा शिकवता येते. यूएसबी ग्राहक जोडावा, एकेक बटण दाबून त्याचा संकेत नोंदवावा आणि त्याला ‘थांब’, ‘पुढे’ अशी आज्ञा जोडावी. लिनक्सवर हे काम ‘एलआयआरसी’ करते.

६/ तेव्हा मित्रहो, मोडीत गेलेल्या टीव्हीचा रिमोट टाकण्यापूर्वी तो मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर ठिपका चमकला, तर तो अजून बोलतो आहे.