राहते घर, बक्षीसपत्र आणि कलम २३

उतारवयात स्वतःच्याच घरात राहता यावे, ही बहुतेक ज्येष्ठांची इच्छा असते. त्यासाठी औषधपाणी, सोबत, न्हाणीघरातील कठडा यांचा विचार होतो. घर कोणाच्या नावावर राहणार, याचा मात्र क्वचितच. हयातीतच फ्लॅट मुलाच्या नावे केला आणि त्याच घरात आई-वडील उपरे ठरले, अशी प्रकरणे न्यायालयांपुढे सातत्याने येत आहेत. महाराष्ट्रात २०१५ मध्ये राहते घर मुलांना बक्षीस देण्यावरील मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये करण्यात आले. त्यामुळे हा मार्ग स्वस्त झाला. सुरक्षित झाला असे नव्हे.

मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. नोंदणीकृत बक्षीसपत्राने मालकी लगेच जाते आणि केवळ मन बदलले म्हणून ती परत मिळत नाही. येथे आधार आहे तो आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ मधील कलम २३ चा. साठ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीने सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर हस्तांतर फसवणुकीने वा दबावाने झाल्याचे मानून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. हे काम उपविभागीय अधिकारी, म्हणजेच प्रांत, पाहतात.

मेख आहे ती अटीत. ती घातलेलीच नसेल तर कलम २३ लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका मातेला मात्र न्याय मिळाला. बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलाने सांभाळाचे वचनपत्र लिहून दिले होते. न्यायालयाने ते ग्राह्य धरून बक्षीसपत्र रद्द केले आणि ताबाही परत देवविला. पोटच्या मुलाकडून असे लिहून घेणे म्हणजे अविश्वास, हा संकोच अनेक घरांत आडवा येतो. तो बाजूला ठेवलेलाच बरा.

घर द्यायचेच असेल तर सांभाळाची अट आणि स्वतःचा तहहयात राहण्याचा हक्क, दोन्ही दस्तातच नमूद करून घ्यावेत. सुनेला सामायिक घरातून काढण्यासाठी मात्र या कायद्याची ढाल करता येत नाही, असेही न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये बजावले आहे. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांना १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विनाशुल्क संपर्क साधता येतो.