जांभई आली, म्हणजे कुणीतरी येतंय

मागच्या व्याख्यानात आपण आइसलँडच्या वसाहतीपर्यंत आलो होतो. नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेहून आलेली माणसं, डोक्यावर राजा नाही, गावं नाहीत, एकेक शेतघर दुसऱ्यापासून कितीतरी लांब. आज त्यांच्या घरांत शिरूया, आणि सुरुवात एका जांभईपासून करूया.

'न्यालची गाथा' लिहिली गेली १२८०च्या सुमारास, पण तिच्यातला हा प्रसंग दहाव्या शतकातला. स्वान नावाचा एक मांत्रिक आहे. त्याच्या भाचीच्या नवऱ्याचा खून झालाय, खुनी स्वानच्याच घरी आसऱ्याला आलाय, आणि मयताचा बाप ओस्वीफ माणसं घेऊन निघालाय. अजून टापा ऐकू येत नाहीत, कुणी दिसत नाही. स्वानला एकदम मोठी जांभई येते. तो म्हणतो, ओस्वीफच्या फिल्ग्या येऊन पोचल्या! मग तो बकऱ्याचं कातडं डोक्याभोवती फिरवून धुकं पाडतो वगैरे, ते सोडून देऊ. आपल्याला जांभई महत्त्वाची.

फिल्ग्या म्हणजे सोबत चालणारी, पाठराखीण. बाळंतपणात पडणाऱ्या वारेलाही त्या भाषेत हाच शब्द आहे. म्हणजे जन्माबरोबर आलेली सोबत. गंमत बघा, नाव पाठीमागून चालणारीचं, आणि पोचते मात्र माणसाच्या आधी. आपल्याकडे कावळा ओरडला की पाहुणा येणार म्हणतात, पण तो कावळा पाहुण्याचा नसतो. फिल्ग्या ज्याची त्याची असते. बहुधा जनावराच्या रूपात दिसते, आणि जसा माणूस तसं जनावर.

याचा पुरावा म्हणून थोर्स्टाइनची गोष्ट घेऊ. मुक्या ओड्नीला लग्नावाचून मूल होतं. तिचा भाऊ ते रानात टाकून द्यायला लावतो. एका गरीब माणसाला ते सापडतं, तो वाढवतो. पुढे एकदा हा पोरगा ओड्नीच्याच माहेरच्या घरात धावत येतो आणि सपाट जमिनीवर धडपडतो. म्हातारा गाइतिर, ओड्नीचा बाप, हसायला लागतो. पोरगा विचारतो, हसलात का? म्हातारा सांगतो, तुझ्यापुढे पांढऱ्या अस्वलाचं पिल्लू आत आलं, मला बघून थबकलं, आणि तू त्याच्यावर अडखळलास. गरिबाच्या पोरामागे असलं जनावर नसतं. आजोबाने नातू ओळखला तो असा. टाकून दिलेल्या मुलाला घर परत मिळवायचं तर या समाजात साक्षीदार कुठून आणायचा? इथे फिल्ग्याच साक्षीदार झाली, असं आम्हाला वाटतं.

ही समजूत फार टिकली. योन आर्नासननी १८६२ ते ६४ मध्ये आइसलँडच्या लोककथा छापल्या, त्यांत पाहुण्याआधी त्याचं भूत येऊन पोचतं. नॉर्वेत तर येणाऱ्याची पावलं आणि बूट झटकल्याचा आवाज आधी ऐकू येतो, माणूस नंतर.

आता अडचणीकडे वळू. इ.स. १०००च्या सुमारास आइसलँडने ख्रिस्ती धर्म घेतला. गाथा लिहिणारे सगळे त्यानंतरचे, ख्रिस्ती. म्हणजे आपण जुनी श्रद्धा वाचतोय की तेराव्या शतकाने रंगवलेली जुनी श्रद्धा? शिवाय जनावराची फिल्ग्या आणि कुळामागे चालणारी स्त्री-फिल्ग्या, या दोन वेगळ्या कल्पना एका नावाखाली आल्या असाव्यात. सरसकट 'प्राचीन नॉर्स लोक असं मानत' म्हणणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही. पण लिहिणाऱ्यांना हा प्रश्न स्वतःला छळत होता, एवढं नक्की दिसतं.

हाल्फ्रेड कवी बघा. ओलाफ ट्रिग्वासन राजाच्या दरबारी त्याने बाप्तिस्मा घेतलेला. जहाजावर जखमी होऊन तो मरणाला टेकलाय, नरकाची धास्ती आहे. तेवढ्यात चिलखत घातलेली एक धिप्पाड बाई जहाजामागून लाटांवर चालत येताना दिसते, जमिनीवरून चालावं तशी. तो तिला ओळखतो आणि सांगतो, आपलं नातं आता संपलं. ती त्याच्या भावाला विचारते, मला घेशील? तो नको म्हणतो. मग हाल्फ्रेडचा मुलगा पुढे होतो, त्याचंही नाव हाल्फ्रेडच. म्हणतो, मी घेतो. बाई दिसेनाशी होते, आणि बाप आपली तलवार पोराच्या हातात देतो.