पुणे पेशवाज : एका विसर्जित व्यावसायिक बास्केटबॉल संघाविषयी

प्रस्तावना :
व्यावसायिक संघाचे नाव प्रदेशाचे असते; परंतु तो संघ त्या प्रदेशाचा असतोच असे नाही. या दृष्टीने 'पुणे पेशवाज' या बास्केटबॉल संघाचा अल्प इतिहास तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

भारतीय बास्केटबॉल महासंघाने २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी तीस वर्षांचा करार केला. त्यातून पूर्ण स्वरूपाची व्यावसायिक लीग मात्र उभी राहिली नाही. २०१५ मध्ये महासंघातच दोन गट पडले. त्याच वर्षी पंजाबच्या सतनामसिंग भामरा याची डॅलस मॅव्हरिक्सने निवड केली आणि एनबीएच्या निवडप्रक्रियेत स्थान मिळविणारा तो पहिला भारतीय ठरला. खेळाविषयी कुतूहल होते, व्यवस्था नव्हती. या पोकळीत यूबीए प्रो बास्केटबॉल लीग ही खासगी स्पर्धा अवतरली. तिच्या आठ संघांपैकी मुंबई चॅलेंजर्स व पुणे पेशवाज हे दोन महाराष्ट्राच्या नावाचे होते. २०१७ पर्यंत चार हंगाम झाले आणि लीगसोबत तिचे संघही संपले. याच लीगमधील 'दिल्ली कॅपिटल्स' हे नाव आज वाचकांना क्रिकेट संघाचे म्हणून परिचित आहे. क्रिकेट संघाने ते डिसेंबर २०१८ मध्ये धारण केले. नावे अशी सहज मोकळी होतात!

'पेशवाज' या नामकरणात पुण्याचा ऐतिहासिक अभिमान जागविण्याचा हेतू उघड आहे. वऱ्हाडातील वाचकाला मात्र ते काहीसे परके वाटते. बुलडाणा जिल्ह्याची स्मृती सिंदखेडराजाच्या जाधवरावांशी व जिजाऊंशी जोडलेली आहे, तर वऱ्हाडाच्या अठराव्या शतकाची निजाम व नागपूरकर भोसले यांच्या दुअमलाशी. महाराष्ट्राचे दोन्ही संघ पश्चिमेकडील दोन महानगरांच्या नावाचे असावेत, यात बाजारपेठेचा हिशेब दिसतो. विदर्भाला त्या हिशेबात जागा नव्हती.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न उपजीविकेचा आहे. आपल्या देशात बास्केटबॉलपटूचे पोट क्लबवर नव्हे, तर नोकरीवर चालत आले आहे. रेल्वे, सेनादल, पोलीस, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक यांसारख्या आस्थापनांनी खेळाडूंना सेवेत घेतले व त्यांचे संघ चालविले. खेळ थांबला तरी तेथे वेतन थांबत नाही. यूबीएने खेळालाच व्यवसाय मानले, हे तिचे वेगळेपण आणि हीच तिची जोखीम. प्रेक्षक व प्रायोजक यांच्या भरवशावरील वेतन लीगच्या आयुष्याएवढेच टिकते. नोकरदार खेळाडूला परतण्यास जागा असते. केवळ करारावर विसंबलेल्यास ती नसते.

हा भेद आपल्या महाविद्यालयांतील क्रीडा संचालकांना अनुभवाने ठाऊक असावा. मलकापूर, नांदुरा किंवा शेगाव येथून मुंबई-हावडा लोहमार्ग जातो. त्या परिसरातील पालकाच्या लेखी रेल्वेची नोकरी ही दारावरून जाणारी गोष्ट आहे. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या संघात निवड झालेला विद्यार्थी प्रथम प्रमाणपत्राचा विचार करतो, कारण राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. याला खेळाविषयीची अनास्था म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याच्या घरी सोयाबीनच्या भावावर वर्षाचा खर्च ठरतो, त्याने हंगामी कराराऐवजी सेवापुस्तिका निवडणे हे व्यवहारज्ञान आहे.

महासंघाच्या मान्यतेने २०२२-२३ मध्ये इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग झाली. तिच्यातही सहा शहरांचे सहा संघ होते. त्यांत महाराष्ट्राच्या नावाचा संघ एकच, मुंबई टायटन्स.