धुऱ्यावरची बाभूळ

वाघ वाचवायचा तर जंगलातली गावं उठवा, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की त्यावर शंका घ्यायचं सुचतही नाही. हरिणी नागेंद्र या भूदृश्य-परिसंस्थेच्या अभ्यासक. त्यांनी नागपूरच्या रुचा घाटे वगैरे सहकाऱ्यांसोबत आपल्या ताडोबा-अंधारीचा अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. उपग्रहाची चित्रं आणि गावांची माहिती शेजारी ठेवल्यावर दिसलं ते असं, की जंगल तुटतंय ते मुख्यतः कडेला. आतल्या मोजक्या गावांचा परिणाम त्या मानाने मर्यादित!

त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्याबरोबरच्या लेखात त्यांनी पुढचा मुद्दा मांडला. जंगल सरकारी की गावाचं, या पाटीने ते टिकत नाही. ते वापरणाऱ्यांना नियम ठरवण्यात जागा आहे का आणि राखण कोण करतं, यावर बरंच अवलंबून असतं. ऑस्ट्रॉमबाईंना पुढे २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे वाचताना मला सारखं वरूड आठवत होतं. इथे ताडोबासारखं मोठं नाव नाही. उत्तरेला सातपुड्याचा उतार, खाली संत्र्याचे बगीचे. पण जमिनीचा वापर बदलला की काय होतं, हे शिकायला वऱ्हाडासारखी शाळा नाही.

१८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. मग रेल्वे आली, चराऊ रानं नांगराखाली गेली आणि उरलेलं जंगल सरकारने राखीव केलं. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडच्या कापूस आणि दुष्काळावरच्या पुस्तकात (१९९७) हाच धागा उलगडलाय. १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसांबरोबर गुरंही मेली, कारण पडत्या काळात जायला रानच फारसं उरलं नव्हतं.

त्या जुन्या व्यवस्थेची एक खूण अजून आपल्या बोलण्यात आहे. ई-क्लास! गुरांसाठी राखलेली गावाची जमीन. आता ई-क्लास म्हटलं की डोळ्यापुढे येतं ते अतिक्रमण. गवत, तित्तर, ससे कुणाला आठवत नाहीत.

विसाव्या शतकात संत्रा आला आणि वरूडचं नाव झालं. आमच्या घरची शिक्षणं आणि लग्नं त्याच पैशावर झाली, तेव्हा संत्र्याला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण विहिरींच्या जागी शेकडो फूट खोल बोअर आले. भूजलाच्या अतिउपशासाठी वरूड-मोर्शीचं नाव सरकारी यादीत गेलं. धुऱ्यावरच्या बोरी-बाभळीही गेल्या. एकेक धुरा म्हणजे पाखरांची आणि मधमाश्यांची वाट होती. नकाशावर ती रेघ इतकी बारीक, की उपग्रहालाही नीट दिसणार नाही.

म्हणून मला वाटतं, वाघाची काळजी मेळघाटच्या हद्दीवर संपवून चालणार नाही. राखीव जंगलाची राखण वनखातं करील. ई-क्लासची आणि धुऱ्याची राखण आपल्यालाच करायची आहे, आणि तिचे नियमही गावातच बसून ठरवायचे आहेत. ग्रामसभेत हा विषय शेवटचा कधी निघाला होता, तुम्हाला आठवतं?