समुद्री बर्फ घटतोय, प्लवकं वाढतायत. मग काळजी कशाची?

आर्क्टिक महासागरावरचा बर्फ कमी होतोय, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्याच समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती पूर्वीपेक्षा जास्त वाढतायत, हे फारसं कुणी सांगत नाही. १९९८ ते २०१८ या काळात आर्क्टिकमधलं वनस्पती प्लवकांचं उत्पादन ५७ टक्क्यांनी वाढलं, असं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं.

वनस्पती प्लवकं हवेतला कार्बन डायऑक्साइड वापरतात आणि ऑक्सिजन सोडतात. मग ती वाढली तर चांगलंच नाही का? उत्तर 'हो' इतकं सोपं नाही. ते समजून घेऊया.

प्लवकं म्हणजे काय?

पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या जीवांना प्लवकं म्हणतात. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. वनस्पती प्लवकं सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न तयार करतात. ती बहुतेक डोळ्यांना दिसतही नाहीत, पण पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातला जवळपास अर्धा वाटा त्यांचा आहे. प्राणी प्लवकं त्यांना खाऊन जगतात.

लालबाग-परळच्या कोकणी घरांत सुक्या जवळ्याचा डबा असतोच. हा जवळाही प्रवाहाबरोबर थव्याने वाहणारा छोटा जीव. अंटार्क्टिकाच्या समुद्रात अशीच जागा क्रिलची आहे. कोळंबीसारखा दिसणारा, सुमारे सहा सेंटिमीटरपर्यंत वाढणारा हा जीव वनस्पती प्लवकं खातो आणि त्याला देवमासे, सील आणि पेंग्विन खातात.

बर्फ किती घटला?

१९७९ पासून उपग्रह या बर्फाची सलग मोजणी करतायत. आर्क्टिकमध्ये सप्टेंबरात बर्फ सर्वांत कमी असतो. सप्टेंबर २०१२ मध्ये तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला. आजवरचा हा नीचांक आहे. १९८० च्या सप्टेंबरात तो याच्या दुपटीहून जास्त होता. तुलनेसाठी, भारताचं क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर आहे.

अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ बरीच वर्षं टिकून होता. २०१६ नंतर तोही घटला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. समुद्री बर्फ म्हणजे समुद्राचंच गोठलेलं पाणी. तो आधीच तरंगत असल्यामुळे वितळला तरी समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ वितळल्याने आणि पाणी तापून प्रसरण पावल्याने.

बर्फ गेल्यावर प्लवकं का वाढतात?

मुख्य कारण प्रकाश. बर्फ, आणि त्याहून जास्त त्यावर साचलेलं हिम, सूर्यप्रकाश अडवतं. हे छप्पर लवकर हटलं की ऊन थेट पाण्यात शिरतं, उघड्या समुद्राचं क्षेत्र वाढतं आणि वाढीचा हंगामही लांबतो.

बर्फ पूर्ण जायचीही गरज नसते. जुलै २०११ मध्ये अलास्काच्या उत्तरेला चुकची समुद्रात संशोधकांना सुमारे एक मीटर जाडीच्या बर्फाखाली वनस्पती प्लवकांचा प्रचंड बहर सापडला. तो बर्फाच्या काठापासून आत शंभर किलोमीटरहून जास्त पसरला होता. पातळ बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात. त्यांतून प्रकाश खिडकीतून यावा तसा खाली जातो.

हिवाळ्यात मात्र बर्फ नसला तरी काही फायदा नाही. तिथे कित्येक आठवडे सूर्यच उगवत नाही.

मग अडचण कुठे येते?

पहिली अडचण खताची. वाढीला प्रकाशाबरोबर नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका आणि लोह लागतं. हा साठा मुख्यतः खोल पाण्यात असतो. बर्फ वितळला की गोडं पाणी वर तरंगतं आणि खालचं खारं, जड पाणी वर येणं कठीण होतं. एखाद्या चाळीत ऊन गच्चीवर, धान्याचं कोठार तळमजल्यावर आणि जिना बंद, अशी ही स्थिती. वाऱ्याने पाणी घुसळलं किंवा शेजारच्या महासागरातून नवं पाणी आलं, तरच हा जिना उघडतो.

म्हणूनच आर्क्टिकचं चित्र सगळीकडे सारखं नाही. पॅसिफिक आणि अटलांटिकचं पाणी जिथे आत शिरतं तिथे वाढ जोरात आहे. कॅनडाच्या उत्तरेच्या खोल भागात मात्र वरचं पाणी गोडं होत गेलं तशी मोठ्या प्लवकांची जागा अगदी लहान पेशींनी घेतल्याचं दिसलं. लहान पेशी मोठ्या जीवांच्या थेट उपयोगाच्या नसतात. अन्नसाखळीत एक पायरी वाढते आणि वरच्यांच्या वाट्याला कमी येतं.

दुसरी अडचण वेळेची. बर्फाच्या तळाला चिकटून वाढणारं शेवाळ हे वसंतातलं पहिलं अन्न. आर्क्टिकमधला एक महत्त्वाचा प्राणी प्लवक हे शेवाळ खाऊन अंडी घालतो. त्याची पिल्लं मोठी होईपर्यंत पाण्यातल्या प्लवकांचा बहर येतो. स्वालबार्डच्या एका खाडीत या दोन बहरांमध्ये सुमारे दोन महिन्यांचं अंतर आढळलं होतं. बर्फ लवकर गेला तर दुसरा बहर आधीच येऊन संपतो आणि पिल्लं पंगत उठल्यावर पोहोचतात. एकूण अन्न वाढलं तरी हवं तेव्हा ते मिळत नाही.

त्यातच कोमट पाण्याबरोबर दक्षिणेकडची जात वर सरकते. ती आकाराने लहान आणि तिच्या अंगात चरबीही कमी. ध्रुवीय मासे आणि पक्षी याच चरबीवर जगतात.

अंटार्क्टिकात काय घडतंय?

तिथे क्रिलची पिल्लं हिवाळ्यात बर्फाखालच्या शेवाळावर तग धरतात. बर्फ उशिरा गोठला किंवा लवकर गेला तर त्यांची उपासमार होते. दक्षिण अटलांटिकच्या भागात १९७० च्या दशकानंतर क्रिलची दाटी घटल्याचं आणि ते दक्षिणेकडे सरकल्याचं अभ्यासांत दिसलंय. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या उत्तर भागात तर बर्फ कमी झाल्यावर वनस्पती प्लवकंही घटली. बर्फ नसल्याने वारा पाणी खोलवर घुसळतो आणि प्लवकं अंधारात ओढली जातात. तोच वारा, पण परिणाम आर्क्टिकच्या उलट.

प्लवकं वाढली तर कार्बन कमी होणार नाही का?

याचं एक उत्तर गोव्यातल्या संशोधनातून मिळालंय. २००९ च्या सुरुवातीला दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन संशोधकांबरोबर 'लोहाफेक्स' हा प्रयोग केला. 'पोलरस्टर्न' जहाजावरून दक्षिण महासागरातल्या सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह टाकलं गेलं. प्लवकं वाढली, पण पाण्यात सिलिका कमी असल्याने सिलिकाचं कवच असलेले मोठे डायटम फोफावले नाहीत. जे वाढलं ते प्राणी प्लवकांनी फस्त केलं. खोल समुद्रात कार्बन फारच थोडा गेला.

थोडक्यात, प्लवकांनी कार्बन घेणं पुरेसं नाही. तो तळाकडे गेला तरच हवेतून दीर्घकाळ दूर राहतो. लहान पेशी बहुतेक वरच्या थरातच खाल्ल्या जातात, कुजतात आणि कार्बन परत मोकळा होतो.

भारत यात काय करतो?

६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच निघाली. आज वास्कोमधलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिकात 'मैत्री' आणि 'भारती' ही केंद्रं चालवतं. आर्क्टिकमध्ये २००८ पासून 'हिमाद्री' आहे, उत्तर ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटरवर.

'हिमाद्री'जवळच्या काँग्सफियॉर्ड या खाडीत जुलै २०१४ मध्ये भारताने 'इंडार्क' ही पाण्याखालची वेधशाळा बसवली. या खाडीत अटलांटिकचं कोमट पाणी शिरतं आणि २००६ पासून हिवाळी बर्फ बराच कमी झालाय. पाण्याचं तापमान, क्षारता आणि प्रवाह यांच्या सलग नोंदींमुळे कोमट पाणी कधी आणि किती आत आलं हे कळतं. प्लवकांचा बहर वर्षागणिक पुढे-मागे का होतो, याचा शोध अशा नोंदींशिवाय लागत नाही.

मुंबईकरांशी याचा काय संबंध?

आपल्या बाजारातले बोंबील आणि बांगडे ध्रुवीय प्लवकांवर जगत नाहीत. त्यामुळे तिकडचा बर्फ घटला म्हणून इथला म्हावरा महागला, असा थेट संबंध जोडू नये. संबंध हवामानातून येतो. वास्कोच्या केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये आर्क्टिकच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी असणं आणि भारतात मान्सूनच्या अखेरीस अतिवृष्टी होणं, यांत संभाव्य दुवा दाखवला. गणपतीच्या दिवसांतला मुसळधार पाऊस लालबागला नवा नाही, म्हणून हा अभ्यास आपल्यासाठीही महत्त्वाचा.

तेव्हा 'बर्फ गेला, प्लवकं वाढली, निसर्गाने तोल सावरला' असा संदेश आला तर पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. कोणत्या जातीची प्लवकं वाढली? कोणत्या महिन्यात? आणि ती कुणाच्या पोटात गेली? फक्त टक्केवारीत याची उत्तरं मिळत नाहीत.