तंबाखूच्या गावात विडी सोडताना

निपाणीत एस.टी.तून उतरलं की गाव दिसायच्या आधी तंबाखूचा वास यायचा. आम्हा पोरांना तो वास वाटतच नव्हता, तो गावचा वारा होता. घराघरांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, पुरुष वखारीत. १९५६ साली गाव म्हैसूर राज्यात गेलं, पाट्या कानडी झाल्या, पण आमच्या ओळखीच्या वखारीतला हिशोब मराठीतच राहिला. १९८१ साली शरद जोशींच्या आंदोलनात तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी ही आठवण असेल.

अशा गावात विडी सोडायची म्हणजे काय, ते आमच्या अण्णांकडे बघून कळलं. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, वखारीत दिवाणजी. दिवसाला एक बंडल. गणपतीपुढं शपथ घेतली, लेकीच्या लग्नात घेतली, खोकल्यानं बेजार झाल्यावर पुन्हा घेतली. दरवेळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी काडेपेटी वाजायचीच. "मनाचा निर्धार नाही," असं सगळे म्हणायचे. मीही म्हटलंय. आज त्याचं वाईट वाटतं.

कारण आपल्याकडे आधी आली ती बंदी, मदत नंतर आली. गोव्यात १९९७ साली सार्वजनिक जागी धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध कायदा झाला, त्यामागे डॉ. शरद वैद्य यांची धडपड मोठी. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, २००३ मध्ये देशभराचा कायदा. पण बंदीनं माणूस फक्त दाराबाहेर जाऊन ओढतो. त्याची तलफ कुणी हातात घ्यायची? २००२ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं देशात तंबाखू सोडवणारी १३ केंद्रं निघाली. २००७-०८ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढं तो जिल्ह्याजिल्ह्यांत गेला. २०१६ मध्ये १८००-११-२३५६ ही फुकट फोनची सोय झाली, आणि २०१८ पासून हा नंबर पाकिटांवर छापून येऊ लागला.

अण्णांनी तो आपल्याच बंडलावर वाचला. फोन नको म्हणाले, तोंडासमोर माणूस पाहिजे. मग मी त्यांना बेळगावच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. तिथले समुपदेशक घरचे कानडी, पण मराठी झकास. त्यांनी उपदेश केला नाही. पहिलाच प्रश्न, "अण्णा, सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळात?" अण्णा म्हणाले, "चुळ भरायच्या आधी." "मग ही सवय नुसती मनाची नाही, अंगाची पण आहे," ते म्हणाले.

सोडायची तारीख ठरवली. घरातली बंडलं, काडेपेट्या बाहेर. निकोटिनचं च्युइंगगम दिलं, ते चघळून गालात कसं धरायचं ते दाखवलं. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी प्या, चालून या, बडीशेप चघळा. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होईल, झोप उडेल, तेव्हा घरच्यांनी वाद घालायचा नाही. हे शेवटचं आम्हाला होतं!

आणि मग दर आठवड्याला फोन. "काय अण्णा, कसं चाललंय?" एका मयताला गेले आणि मित्रांत बसून एक ओढली. अण्णांना वाटलं, झालं, संपलं. तिकडून उत्तर आलं, "एक ओढली म्हणजे आठ आठवडे वाया गेले नाहीत. उद्यापासून पुन्हा."

अण्णांनी खरंच सोडली. खोकला पूर्ण गेला नाही. इतक्या वर्षांत फुप्फुसाचं जे झालं ते झालं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पण जिना चढताना आता मध्ये थांबत नाहीत. वखारीतले दोघे जुने सोबती त्यांच्याच सांगण्यावरून बेळगावला जाऊन आले.

ज्या तंबाखूनं आमचं घर चाललं तिला मी शिव्या देणार नाही. एवढंच सांगतो, घरात कुणी ओढत असेल तर शपथा घालू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा आणि त्यांच्यासोबत स्वतः जा.